शेकानंतर लघवी गळते? लपवू नका, घाईही करू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या मायबहिणींना आणि त्यांच्या घरच्यांना

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तुम्ही शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलात. नागपूरला नाहीतर सेवाग्रामला महिना-दीड महिना राहिलात. हाल सोसले, पण वाचलात. घरी आलात, हळूहळू कामाला लागलात.

मग काही महिन्यांनी, एखादीला काही वर्षांनी, लुगडं ओलं राहायला लागतं. बसलं तरी ओलं, झोपलं तरी ओलं. लघवी कधी आली ते कळतच नाही. वास येतो म्हणून बाई देवळात जात नाही, लग्नाला जात नाही. एसटीत बसायची भीती वाटते. घरातसुद्धा ती कोपरा धरते.

हे आवाहन त्या बाईसाठी आहे. तिच्या नवऱ्यानं, लेकीनं, सुनेनंही ते वाचावं. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावं.

सांगायच्या गोष्टी दोन. एक, हे लपवू नका, कारण यावर इलाज आहे. दुसरी, जो पहिला डॉक्टर भेटेल त्याच्याकडून घाईनं टाके घालून घेऊ नका. या दुखण्यात यश मिळायची सगळ्यांत चांगली संधी पहिल्या ऑपरेशनला असते. ती वाया गेली की पुढचं ऑपरेशन अवघड होत जातं.

हे कशानं होतं

गर्भपिशवीच्या तोंडापुढे लघवीची पिशवी असते. मागे शौचाची जागा असते. तिन्ही अगदी लागून. या कॅन्सरला बाहेरून साधारण पाच आठवडे शेक देतात आणि नंतर आतून देतात. कॅन्सर मरतो, पण शेजारच्या भागालाही झळ बसते.

त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात. रक्त कमी पोचतं. कातडी निबर होते, जखम भरत नाही. काही बायांना तिथं भोक पडतं. मग लघवी पिशवीत न थांबता योनीमार्गातून गळत राहते. डॉक्टर याला फिस्टुला म्हणतात. शेक संपल्यावर काही महिन्यांत हे होऊ शकतं, तसंच दहा-पंधरा वर्षांनीही होऊ शकतं.

शेक घेतलेल्या बहुतेक बायांना हा त्रास होत नाही, हे नीट लक्षात घ्या. घरात कुणाला शेक सांगितला असेल तर या भीतीनं तो टाळू नका, अर्धवटही सोडू नका. कॅन्सर तसाच वाढू दिला तर तो स्वतःच लघवीच्या पिशवीला भोक पाडतो.

हा तुमचा दोष नाही. कुणाची करणी नाही, मागच्या जन्मीचं पापही नाही. हे लागट नाही. जवळ झोपल्यानं, एका ताटात जेवल्यानं कुणाला होत नाही.

ओळखायचं कसं

खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना थोडी लघवी सुटते, तो त्रास वेगळा. त्यावर इलाजही वेगळा. फिस्टुलात लघवी दिवसरात्र गळते. झोपेतही थांबत नाही.

अंगावरून पाण्यासारखं जातंय असं वाटून बाया महिनोन्‌महिने पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या घेतात. शेक घेतलेल्या बाईनं असं करू नये. पाणी पातळ असेल, लघवीचा वास असेल, तर लगेच तपासून घ्यावं.

लघवीतून रक्त जाणं, सारखी जळजळ होणं, हीही सूचना समजा. योनीमार्गातून वारा किंवा शौच येत असेल तर मागच्या बाजूलाही भोक असू शकतं. लाजून ही गोष्ट गाळू नका. ती कळली नाही तर ऑपरेशनचा बेतच चुकतो.

डॉक्टरकडे जाण्याआधी तीन दिवसांची टिपणी ठेवा. दिवसात किती फडकी भिजली? रात्री किती? मोरीत बसल्यावर नेहमीसारखी लघवी थोडी तरी होते का? एवढ्यावरून डॉक्टरला खूप कळतं.

थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वरच्या बाजूला दुखलं, उलट्या होऊ लागल्या, पाय सुजले किंवा लघवी एकदम कमी झाली, तर वाट पाहू नका. किडनीवर ताण आलेला असू शकतो. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

आजपासून घरी काय करायचं

पाणी तोडू नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक बाई करते. पाणी कमी प्यायलं तर गळणं कमी होईल असं वाटतं. होतं उलटंच. लघवी घट्ट होते, जास्त जळते, जास्त वास मारते. जंतू वाढतात, खडे होतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर चक्कर येऊन पडायची वेळ येते. किडनीच्या डॉक्टरनं पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर तहान मारू नका.

अंग साध्या पाण्यानं धुवा. दिवसातून तीन-चार वेळा. घासू नका, मऊ सुती कापडानं टिपून घ्या. मग खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनचा पातळ थर लावा. लघवी थेट कातडीला लागत नाही, आग कमी होते.

डेटॉल लावू नका. गरम पाण्याच्या टबात बसू नका. आत फडकं, पाला, औषधी पूड काहीही घालू नका. शेकानं नाजूक झालेली जागा त्यानं आणखी फाटते.

फडकी सुती वापरा. साबणानं धुवा आणि कडक उन्हात वाळवा. लाजेखातर अंधारात, पलंगाखाली वाळवू नका. ओलसर फडक्यात जंतू वाढतात. मोठे पॅड परवडत असतील तर बाहेर जाताना तेच वापरा. अंथरुणाखाली मेणकापड घाला.

खर्रा, गुडाखू, बिडी बंद करा. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात. जिथं आधीच रक्त कमी पोचतं तिथं ते आणखी कमी होतं. ऑपरेशनचे टाके धरायचे असतील तर ही गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची आहे.

जायचं कुठं

आधी गावातल्या आशाताईंना सांगा. मग यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवा. तिथं रक्त, लघवी, सोनोग्राफी होते आणि पुढे पाठवायची चिठ्ठी मिळते.

पण शेवटी जिथं शेक घेतला तिथं जाणं भागच आहे. किती शेक दिला, कुठं दिला, ते त्यांनाच ठाऊक असतं. आपल्या भागातल्या बाया बहुधा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात, मेडिकलमध्ये, जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीला शेक घेतात.

ऑपरेशन मात्र एकट्यादुकट्या डॉक्टरचं काम नाही. लघवीच्या आजारांचा सर्जन, म्हणजे युरोलॉजिस्ट, लागतो. बायांच्या आजारांचे डॉक्टर आणि शेक देणारे डॉक्टरही लागतात. तिघांनी मिळून ठरवलं तर बरं. पुसद-उमरखेडकडच्यांना नांदेड जवळ वाटेल. हरकत नाही, पण निघण्याआधी एकच विचारा: शेक घेतलेल्या बाईच्या फिस्टुलाची ऑपरेशनं तुमच्याकडे होतात का?

जाताना शेकाची पूर्ण फाइल, डिस्चार्ज कार्ड, तुकड्याचा जुना रिपोर्ट, आधार कार्ड आणि रेशन कार्ड न्या. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. फाइल हरवली असेल तर नाव, गाव आणि शेक घेतला ते साल सांगून दवाखान्यातून नोंद काढून घ्या.

तपासण्या कशासाठी

सगळ्यांत आधी डॉक्टरांना एक गोष्ट पाहायची असते: कॅन्सर परत तर आला नाही? या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय टाके घालणं चुकीचं. परत आलेल्या कॅन्सरवर टाके टिकत नाहीत आणि कॅन्सरच्या इलाजाचा वेळही जातो.

त्यासाठी भोकाच्या कडेचा छोटा तुकडा तपासतात. तो जाणत्या हातानंच घ्यावा. शेकलेल्या जागेचे तुकडे ठिकठिकाणी, परत परत घेतले तर भोक मोठं होऊ शकतं. म्हणून आधीचा रिपोर्ट जपून ठेवा आणि दाखवा.

भोक कुठं आहे ते पाहायला लघवीच्या पिशवीत निळं पाणी भरतात आणि कापूस निळा होतो का ते पाहतात. दुर्बिणीनं आतून पाहतात. किडनीतून येणाऱ्या नळ्या सुखरूप आहेत का, हे सीटी स्कॅनमध्ये दिसतं. त्याआधी किडनीची रक्ततपासणी करतात. यातली कुठलीच तपासणी टाळू नका. एक भोक बुजवलं आणि दुसरं राहून गेलं, तर एवढा खटाटोप वाया जातो.

थांबायला सांगितलं तर थांबा

शेक संपून थोडेच दिवस झाले असतील तर डॉक्टर सहा महिने, कधी वर्षभर थांबायला सांगतात. ते तुम्हाला टाळत नसतात. शेकाचा परिणाम स्थिर व्हावा लागतो. कुठला भाग जगला आणि कुठला मेला, हे त्याआधी कळत नाही.

थांबायचं म्हणजे नुसतं भिजत बसायचं, असं नाही. लघवीच्या मार्गात नळी ठेवून थोडा आराम मिळतो का, ते विचारा. फार त्रास असेल तर पाठीतून किडनीत नळ्या घालून लघवी बाहेरच्या बाहेर बॅगेत घेता येते. शेकानं पडलेलं भोक नुसत्या नळीनं बुजणं मात्र क्वचितच घडतं. त्या आशेवर वर्षं काढू नका.

या काळात अंगात ताकद आणा. तुरीचं वरण, अंडी, शेंगदाणे, दूध, हिरव्या भाज्या, जे घरात असेल ते रोज खा. रक्त कमी असेल तर गोळ्या घ्या. साखर असेल तर ती आटोक्यात आणा. तुम्ही सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवता, ते आता बंद.

ऑपरेशन कोणकोणतं असतं

पहिला मार्ग भोक बुजवण्याचा. पण विरलेल्या लुगड्याला नुसता टाका घातला तर तो टाक्याजवळच फाटतो. तसंच इथं होतं. म्हणून शेक न लागलेला, रक्त भरपूर असलेला भाग जवळून आणून मध्ये बसवतात. कधी योनीच्या बाजूच्या ओठातली चरबी घेतात. ही युक्ती जर्मनीतल्या मार्टियस नावाच्या डॉक्टरांनी १९२८ साली मांडली. कधी पोटातली चरबीची झालर खाली आणतात, कधी मांडीचा स्नायू फिरवून घेतात. हा जिवंत थर जखमेला रक्त पुरवतो.

दुसरा मार्ग लघवीची वाट बदलण्याचा. भोक फार मोठं असेल, लघवीची पिशवी आकसून लहान झाली असेल किंवा आजूबाजूचा भाग टाके धरण्याजोगा नसेल, तर हा मार्ग बरा. लहान आतड्याचा एक तुकडा घेऊन किडनीच्या नळ्या त्याला जोडतात. त्याचं तोंड पोटावर काढतात आणि त्यावर बॅग चिकटवतात. अमेरिकेतल्या ब्रिकर नावाच्या सर्जननी १९५० साली ही पद्धत रूढ केली. आज जगभर ती करतात.

पोटावर बॅग म्हटलं की घाबरायला होतं. साहजिक आहे. पण बॅग लावलेली बाई कोरडी असते. साडी नेसते, स्वयंपाक करते, प्रवास करते, रात्री झोपते. दोन-तीनदा फसलेल्या टाक्यांपेक्षा एकदाच नीट लावलेली बॅग कित्येकींना सुखाची ठरते. नकार देण्याआधी बॅग लावलेल्या एखाद्या बाईशी बोलायला मिळेल का, असं डॉक्टरांना विचारा. बॅगा कुठं मिळतात आणि महिन्याचा खर्च किती, तेही आधीच विचारा.

शौचाच्या जागेलाही भोक असेल तर आधी शौचाची वाट पोटावर काढावी लागू शकते.

कॅन्सर परत आला असेल किंवा अंगात मोठं ऑपरेशन सोसायची ताकद नसेल, तर किडनीतल्या नळ्यांवर भागवतात. तेव्हाही कोरडं राहणं आणि दुखणं थांबणं हा बाईचा हक्क आहे. आता काही होत नाही म्हणून तिला ओल्यात सोडू नका.

एक सावधगिरी. बाळंतपणात अडून, किंवा गर्भपिशवी काढताना पडलेलं भोक वेगळं. इथिओपियात अदिस अबाबाला १९७४ पासून बाळंतपणातल्या फिस्टुलाचा मोठा दवाखाना आहे. तिथून हजारो बाया बऱ्या होऊन गेल्या. पण त्या बायांना शेक लागलेला नसतो. शेजारच्या वहिनीचं एका ऑपरेशनमध्ये बरं झालं, मग माझंच का नाही, असं मनाला लावून घेऊ नका. शेकानंतरच्या फिस्टुलात यश कमी मिळतं. कधी दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागतं. हे आधी माहीत असलं की माणूस खचत नाही.

सही करण्याआधी विचारा

कॅन्सर परत आलेला नाही, हे पक्कं झालं का?
माझ्यासाठी भोक बुजवणं बरं की वाट बदलणं? का?
असं ऑपरेशन तुम्ही याआधी केलं आहे का?
नाही जमलं तर पुढे काय?
नळी किती दिवस राहील? दवाखान्यात किती दिवस?
पुढे नवराबायकोचा संबंध राहील का?

हा शेवटचा प्रश्न लाजून सोडू नका. काही ऑपरेशनांत योनीमार्ग लहान होतो किंवा बंदच करतात. हे तुम्हाला आधी कळलंच पाहिजे. हे प्रश्न कागदावर लिहून न्या. डॉक्टर रागावणार नाहीत.

पैशाचं

जमीन गहाण टाकण्याआधी, सावकाराकडे जाण्याआधी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या दवाखान्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा इलाज मिळतो. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती होण्याआधी त्यालाच विचारा, हे ऑपरेशन योजनेत बसतं का? फोनवर विचारायचं तर १५५३८८.

मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेतही सवलत असते. त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून मिळतो.

ऑपरेशननंतर

नळी किमान दोन-तीन आठवडे राहते, कधी त्याहून जास्त. नळीत लघवी वाहते आहे ना, हे घरच्यांनी रोज पाहावं. नळी मुडपू देऊ नका. बॅग कमरेच्या खाली ठेवा. नळी तुंबली तर लघवीची पिशवी फुगते आणि टाके तुटतात. म्हणून लघवी येणं थांबलं की त्याच तासाला डॉक्टरला फोन करा, रात्र असली तरी.

मधूनच थोडं ओलं झालं तर लगेच रडू नका. कळ येऊन नळीच्या बाजूनंही लघवी येते. डॉक्टरला सांगा, ते औषध देतील.

किडनीच्या नळीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घातला असेल तर तो काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. विसरलेला स्टेंट किडनी खराब करतो.

तीन महिने जड काम नाही. हंडा नाही, निंदण नाही, कापसाचं गाठोडं डोक्यावर नाही. संबंधही नाही. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून पाणी आणि भाजी भरपूर घ्या. नळी काढल्यावर लघवीला वारंवार जावं लागेल. पिशवी लहान झालेली असते, काळजी करू नका.

घरच्यांनो, तुमच्यासाठी

बाईनं आराम करायचा तर काम कुणीतरी उचललं पाहिजे. पाणी कोण भरणार, स्वयंपाक कोण करणार, वावरात कोण जाणार, हे ऑपरेशनची तारीख घेतानाच ठरवा. वेचणीच्या हंगामासाठी तारीख पुढे ढकलायची असेल तर डॉक्टरला विचारून ढकला. पण यंदा पेरणी, मग वेचणी, मग पोरीचं लग्न, असं करत वर्षं घालवू नका.

नवऱ्यांनो, तपासणीला तुम्ही सोबत जा. तिचं अंथरूण वेगळं करू नका. फडक्यांना, पॅडला पैसे लागतात, तिला मागायला लावू नका.

घरात तिशीच्या पुढच्या बाया असतील तर त्यांची गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, फार वेळही लागत नाही. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सव्वा लाखाहून जास्त बायांचा मोठा अभ्यास झाला. २००९ साली तो छापून आला. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची एकदाच तपासणी केली आणि दोष सापडला त्या बायांवर इलाज केला, तर या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असं त्यात दिसलं. लवकर सापडलेल्या दोषाला शेकाची गरजच पडत नाही. पोरींना या विषाणूवरची लसही देता येते. आशाताईंना विचारा.

या आठवड्यात करा

आज शेकाची फाइल शोधा.
उद्यापासून तीन दिवस भिजलेली फडकी मोजा.
आठवडा संपायच्या आत आशाताईंना घेऊन दवाखाना गाठा.

तुमच्या घरी असं कुणी नसेल, पण गावात शेक घेऊन आलेली एखादी बाई हल्ली दिसेनाशी झाली असेल, तर तिच्या घरी जा. सगळ्यांसमोर नको, एकटीला बाजूला घेऊन विचारा: काकू, कपडे ओले राहतात का? हो म्हणाल्या तर त्यांना सोबत घेऊन जायचा दिवस तिथंच ठरवा.